देव पाण्यात

२४ जून
पाऊस लागला. सकाळपासून यवतेश्वरचा डोंगर दिसला नाही.
संज्ञांच्या यादीला हात घातला. धर्माचं तत्त्वज्ञान, चाळीस संज्ञा, प्रत्येकी शंभर शब्द, बी.ए.च्या मुलांना कळेल असं. ऑगस्टअखेर द्यायचं. वाडेकरांचा तत्त्वज्ञान महाकोश खाली काढला. १९७४ चा, तिन्ही खंड. दुसऱ्याची शिवण सुटली आहे.
पहिली संज्ञा आस्तिक. तासाभरात होईल.

२५ जून
नाही झाली.
पाणिनीच्या एकाच सूत्रातून तीन शब्द निघतात: आस्तिक, नास्तिक, दैष्टिक. 'आहे' अशी ज्याची मती तो पहिला. 'नाही' अशी ज्याची तो दुसरा. सगळं नेमलेलंच आहे म्हणणारा तिसरा. काय आहे आणि काय नाही, ते पाणिनी सांगत नाही. काशिका ती जागा परलोकानं भरते. मनू म्हणतो, वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. ईश्वर दोघांकडेही नाही. सांख्यांचं जग ईश्वरावाचून चालतं. कुमारिल भट्ट जगाचा कर्ता नाकारतो. तरी सांख्य आणि मीमांसा आस्तिक दर्शनांत.
मुलांच्या लेखी आस्तिक म्हणजे देव मानणारा. आईच्या लेखीही. दादाच्याही.

२६ जून
दादाला फोन केला. म्हटलं, तुझी व्याख्या सांग.
"मी नास्तिक आहे एवढं लिही आणि पुढे जा." मग पाऊण तास बोलला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात पडल्यापासून एकच गोष्ट गावोगाव सांगत आला आहे: समितीचा देवाला विरोध नाही, देवाच्या नावानं चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे. स्वतः मात्र देव मानत नाही आणि ते कधी लपवलं नाही. "दोन्ही एका माणसात नांदतं. हे घाल तुझ्या पुस्तिकेत."
आईचे डोळ्यांचे थेंब संपलेत, तेही सांगितलं.

२९ जून
एकेश्वरवाद. प्रार्थना समाज, १८६७. रानड्यांची 'एकेश्वरनिष्ठांची कैफियत'. कैफियत हा शब्द फार आवडला. न्यायाधीश माणूस आपल्या श्रद्धेबद्दल लिहायला बसतो आणि स्वतःला कैफियत देणाऱ्याच्या जागी उभा करतो.

३० जून
अज्ञेयवाद पूर्ण. इंग्रजी शब्द हक्सलेनं १८६९ साली घडवला. आपल्याकडे आगरकर. टेंभू इथून लांब नाही, कऱ्हाडच्या बाजूला. चाळिशीही गाठली नाही त्यांनी. अंत्यविधीपुरते पैसे पुडीत बांधून ठेवले होते असं सांगतात. पुडीचं वाक्य संज्ञेत घातलं. मग काढलं. मग पुन्हा घातलं.

१ जुलै
सकाळी सहा चाळीसला वहिनीचा फोन. दादा न्हाणीघरात पडलाय.

रात्री. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात, उजवा पाय, वाचा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. झटका नक्की कधी आला कुणाला माहीत नाही. साडेदहाला झोपला तेव्हा ठीक होता. तास तिथपासून मोजतात. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मी मान हलवत राहिले.

२ जुलै
आयसीयू. पाच मिनिटं आत सोडलं. डोळे उघडे. मला ओळखलं. घशातून एकच आवाज, पुन्हा पुन्हा.
दादाच्या घरी गेले तर देव्हारा रिकामा. आईनं देव पाण्यात घातलेत. तांब्याचं घंगाळ, त्यात गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, जोतिबाचा टाक. वर चार बोटं पाणी.
"त्याला बोलतं करा. मग काढीन." हे ती माझ्याशी बोलली नाही. घंगाळाशी बोलली.

४ जुलै
देव्हाऱ्याशेजारी खुंटीवर परडी लटकते आहे. रिकामी. रोज सकाळी जास्वंद, तगर, दूर्वा तोडून परडी आईच्या हातात द्यायची, हे दादाचं काम. चाळीस वर्षं. पूजेला एकदाही बसला नाही. परडी एकदाही चुकली नाही.
पाण्यातल्या देवांना फुलं लागत नाहीत, आई म्हणाली.

५ जुलै
दवाखान्याच्या जिन्यात बसून पास्कलची पैज लिहिली. देव असला तर लाभ अपार. नसला तर तोटा थोडा. तेव्हा असल्याच्या बाजूनं लाव.
आईचं हे पैजेत बसतं का ते पाहत होते. नाही बसत. पैज शंका असणाऱ्यानं लावायची. 'देव असला तर' हे आईच्या बोलण्यात येतच नाही. ती दारात धरणं धरून बसली आहे. घर रिकामं असेल अशा दारात कोण धरणं धरतं?
पास्कलला स्वतःला पैजेची गरज नव्हती. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला जे काही झालं ते त्यानं चर्मपत्रावर उतरवलं आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं. कुणाला बोलला नाही. १६६२ मध्ये तो गेला तेव्हा नोकराला सापडलं.

६ जुलै
बिलाच्या खिडकीपाशी रांग. अन्सेल्मचा सत्ताशास्त्रीय युक्तिवाद इथेच सुचला. ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही ते नुसतं मनात असून चालणार नाही, ते प्रत्यक्षातही असलंच पाहिजे. आणि कान्टचं उत्तर: कल्पनेतल्या शंभर नाण्यांत आणि खऱ्या शंभर नाण्यांत कल्पना म्हणून काहीच फरक नाही, तरी खिशाला फरक पडतो.
तीस वर्षं हे वर्गात शिकवलं. एक गोष्ट मात्र आज लागली. अन्सेल्म हा युक्तिवाद देवाशी बोलता बोलता मांडतो. ती प्रार्थना आहे. आपण प्रार्थना खरवडून काढतो, युक्तिवाद तेवढा फळ्यावर लिहितो.

७ जुलै
दादाला वॉर्डात हलवलं.
१७७६ साली याच तारखेला बॉस्वेल मरणाला टेकलेल्या ह्यूमला भेटायला गेला होता. आता तरी हा परलोक मानतो का, ते पाहायला. ह्यूम शांत होता. बदलला नाही. अस्वस्थ झाला तो बॉस्वेल.
दादाच्या उशीखाली अंगाऱ्याची पुडी सापडली. कुणी ठेवली विचारलं नाही. काढून घेतली. ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्या उशीखाली काहीही ठेवायचं का? टाकायला गेले तर हात होईना. पर्समध्ये आहे.

८ जुलै
माउलींची पालखी जिल्ह्यात आहे. रात्रपाळीची सिस्टर एक दिवस रजा घेऊन चालून आली. पाय सुजलेत. तशीच कामावर.

११ जुलै
स्पीच थेरपिस्ट आली. पंचविशीची मुलगी. मराठी शब्द तिनंच सांगितला: वाचाघात. दादाला सगळं कळतं, बरंचसं तरी. शब्द सापडत नाहीत. मानेनं होकार-नकारही उलटसुलट होतो. चहा हवा असतो आणि मान नकाराची हलते.
"सर काय करायचे?" तिनं विचारलं.
व्याख्यानं द्यायचे, वहिनी म्हणाली.

१३ जुलै
लिहिते. हात अजून थरथरतो आहे.
थेरपिस्टनं एक ते दहा म्हणायला सांगितलं. तिनं सुरू केलं, दादा मागोमाग बाराच्याही पुढे गेला. थांबेना. मग बेचा पाढा, पूर्ण. मग तिनं विचारलं, लहानपणी काय पाठ होतं? वहिनीनं हळूच गणपतीची आरती धरली. दुसऱ्या शब्दाला दादाचा आवाज. पूर्ण आरती. एक शब्द अडला नाही, उच्चार लख्ख. बारा दिवस ज्याला स्वतःचं नाव येत नव्हतं, तो.
वहिनी हमसून रडली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हात जोडले.
दादाचे डोळे मी पाहिले. त्यात भक्ती नव्हती. भीती होती. आपल्या तोंडून काय निघतंय ते त्याला ऐकू येत होतं आणि अडवता येत नव्हतं.

रात्री. लंडनच्या जॅक्सन या डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकातच हे टिपून ठेवलं आहे. वाचाघातात जातं ते विधान करण्याचं सामर्थ्य. मोजणी, शिव्या, प्रार्थना राहतात. पाठ झालेलं राहतं. म्हणजे आमचा परवचा. तिन्हीसांजेला दिव्यापुढे बसून पाढे आणि आरत्या. साठ वर्षांपूर्वीचा.
विधान. धर्मश्रद्धा हे विधान आहे की नाही, यावर माझ्या यादीत अकरा संज्ञा आहेत.

१४ जुलै
आईला सांगायला वहिनी धावत गेली. "देवानं ऐकलं, आई. काढा आता त्यांना बाहेर."
आईनं सगळं ऐकून घेतलं. किती कडवी म्हटली विचारलं. मग घंगाळातलं पाणी बदलायला उठली.
"काढत नाही?"
"ते पाठ केलेलं गं. ते काय त्याचं बोलणं आहे? मनचं बोलू दे."
सत्त्याऐंशी वर्षांची माझी आई. चौथी पास. मला काल रात्री तीन पुस्तकं उघडावी लागली.

१५ जुलै
फोन. मावसभाऊ, शेजारी, दादाचे जुने विद्यार्थी. बातमी पसरली. "शेवटी देवच तोंडात आला ना!" आनंदानं म्हणतात, वाईट हेतू कुणाचा नाही. मला मात्र संताप येतो. डार्विनच्या मागेही असंच लागले होते. शेवटच्या दिवसांत त्यानं धर्म जवळ केला, अशी हकीकत एका बाईंनी १९१५ मध्ये छापली. मुलांनी साफ नाकारली. ती गोष्ट अजून सांगितली जाते.
फ्लू आठवला. त्याचा अदृश्य माळी वर्गात शिकवायला मला फार आवडायचा. रानात एक मोकळी जागा, फुलं उमललेली. एक म्हणतो, माळी येत असणार. दुसरा म्हणतो, नाही. पहारा ठेवतात, तारेचं कुंपण घालतात, त्यात वीज सोडतात, कुत्री आणतात. माळी काही सापडत नाही. पहिला म्हणत राहतो, दिसत नाही, स्पर्श होत नाही, वास येत नाही, पण आहे. दुसरा विचारतो, मग असा माळी आणि नसलेला माळी यांत फरक काय उरला? १९५० चा निबंध. हाच फ्लू २००४ मध्ये, ८१ व्या वर्षी म्हणाला की कुणीतरी आदिकर्ता असावा असं मला आता वाटतं. मग दोन्ही बाजू त्या म्हाताऱ्यावर तुटून पडल्या. आमचा झाला. छे, त्याचं डोकं चालत नाही.
निदान फ्लू विधान करत होता. दादाला ते करता येत नाही. त्याच्या वतीनं कुणी करू नये.

१७ जुलै
आषाढी. आईचा निर्जळी उपास. औषध घेतलं नाही. ओरडले. मग पाय चेपत बसले.
तुकोबांचा एक अभंग आहे, देव आपल्यापुरता मेला असं सांगणारा. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, दोघांतलं नातं तुटलं. दुष्काळात बायको-पोर गमावलेला माणूस. माझ्या चाळीस संज्ञांत याला घर नाही. नास्तिकाचं असं भांडण नसतं. भांडायला समोर कुणीतरी लागतं.
आईला विचारलं, तू भांडलीस का कधी?
"आता काय चाललंय मग?"

१९ जुलै
उदयनाचार्य. दहावं शतक. ईश्वरसिद्धीसाठी बौद्धांशी, मीमांसकांशी, चार्वाकांशी वाद घालणारा नैयायिक. ग्रंथ इतका कठीण की मी दोनदा अर्ध्यावर सोडला. नाव मात्र 'न्यायकुसुमांजली'. तर्काची ओंजळभर फुलं. दंतकथा अशी की पुरीला गेला तर देवळाचं दार बंद. तेव्हा त्यानं जगन्नाथालाच सुनावलं, बौद्ध आले की तुझं असणं माझ्या भरवशावर असतं, हे विसरू नकोस.
ही नोंद सहज झाली. बहुतेक परडीमुळे.

२१ जुलै
दादा घरी आला. दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून चार पायऱ्या चढवल्या. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दादानं तिच्याकडे पाहिलं. मान नकाराची हलली. त्याला होय म्हणायचं होतं की नाही, कळायला मार्ग नाही.

२३ जुलै
फिजिओथेरपीवाला सकाळी, थेरपिस्ट सायंकाळी. वहिनीचं वजन उतरलंय.

२६ जुलै
दुरिताचा प्रश्न. ईश्वर सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, दयाळू. मग दुःख का? देवाच्या बचावासाठी लायब्निझनं १७१० मध्ये नवा शब्दच काढला. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, सगळ्या संतांच्या सणाच्या सकाळी. चर्चं माणसांनी भरलेली होती.
लिहून होताना वहिनी चहा घेऊन आली. खांद्यावरून वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत.
"यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं, वन्सं? रात्री-अपरात्री लोकांच्या हाकेला धावले. मांत्रिकाच्या तावडीतनं बायका सोडवल्या." थोड्या वेळानं, "तुम्ही प्रश्न छान लिहिलाय. उत्तर पुढच्या पानावर आहे का?"
पुढच्या पानावर पाच उत्तरं होती. इच्छास्वातंत्र्य. दुःखातून घडणारा आत्मा. ईश्वराची योजना आपल्याला न कळणारी. मर्यादित ईश्वर. पूर्वकर्म. तिच्यापुढे एकही वाचवेना. वही मिटली.

२९ जुलै
थेरपिस्ट म्हणते, चालीवर शब्द बसवू. बोलीचं घर डावीकडे, गाण्याला उजवी बाजू साथ देते. डाव्या हातानं ताल धरायचा, चालीत 'पाणी हवं' म्हणायचं, मग हळूहळू चाल काढून घ्यायची. "आरती उत्तम येतेय. तिच्यावरच बसवू."
मी म्हटलं, त्याला विचारा.
तिला समजेना. मी दादापुढे बसले. म्हटलं, दादा, हे फक्त औषध आहे. कुणीही याचा दुसरा अर्थ काढणार नाही, मी काढू देणार नाही. नको असेल तर दुसरं गाणं शोधू. चालेल तर अंगठा वर.
अंगठा हलला नाही.

३० जुलै
दुसरी गाणी करून पाहिली. साने गुरुजींची प्रार्थना, अर्धी. समितीची गाणी, शाहिरी, तिशीनंतर शिकलेली सगळी. एकही येईना. ओठ हलतात, अडकतात. स्वतः निवडलेलं सगळं गेलं. निवडायच्या आधी कानावर पडलेलं तेवढं राहिलं.
भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

१ ऑगस्ट
सकाळी मी जाताच त्यानं अंगठा वर केला. कशाबद्दल ते सांगायला लागलं नाही.

३ ऑगस्ट
आरतीच्या चालीवर "चहा दे". डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरतो. वहिनीनं तीन वेळा चहा केला.
श्रद्धा बसत नसेल तर काय करावं, यावर पास्कलचा सल्ला आहे. श्रद्धावान करतात तसं करत राहा, तीर्थ घे, प्रार्थनेला बस, श्रद्धा मागून येईल. खूण केलेलं पान पुन्हा वाचलं. दादा तेच म्हणतो, रोज दोनदा, तासभर. मागून चहा येतो. मला तेवढं पुरे आहे.
आई: "मागणं झालं हे. तान्हं पोरही मागतं." घंगाळाच्या कडेला हिरवं धरलंय. ती चिंचेनं घासते, पाणी बदलते, देव परत आत.

५ ऑगस्ट
निर्मिक. ही संज्ञा यादीत नव्हती. मी घातली. कुणी काढली तर भांडेन.
जोतीरावांनी ईश्वर, ब्रह्म, देव हे शब्द घेतले नाहीत. त्या शब्दांबरोबर मधले दलाल येतात. निर्माण करणारा तो निर्मिक, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये कुणी नको. तटस्थेश्वरवाद म्हणावं तर फुल्यांचा निर्मिक जग घडवून दूर सरत नाही, सगळ्या लेकरांना सारखं वागवतो. ईश्वरवाद म्हणावं तर ग्रंथ नाही, अवतार नाही, पुरोहित नाही. एका माणसाला जुन्या सगळ्या शब्दांत घाण दिसली म्हणून त्यानं एक स्वच्छ शब्द केला.
१८८८ मध्ये त्यांची उजवी बाजू गेली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हातानं लिहिलं. छापून आलं १८९१ मध्ये, ते गेल्यावर.
दादाला हे वाचून दाखवलं. त्याला माहीतच होतं, शंभरदा भाषणात सांगितलेलं. तरी ऐकलं. मग डावा हात पुढे केला. पेन दिलं. पाटीएवढं अक्षर, वेडंवाकडं, 'क'. मग काही नाही.

९ ऑगस्ट
आस्तिक अजून अपुरी.
इंग्रजीत बहुतेक वेळा 'बिलीफ' या एका शब्दावर भागतं. मराठीत विश्वास, श्रद्धा, निष्ठा, भाव, भरवसा. प्रत्येकाचं वजन वेगळं. आणि रोजच्या बोलण्यात यातलं एकही येत नाही. 'देव आहे असं तुला वाटतं का' असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारतात, देव मानतोस का?
मानणे. उपकार मानतो. सुतक मानतो. वडीलधाऱ्यांना मानतो. आभार मानतो, हार मानतो. आपण एखाद्याला मानतो तेव्हा तो आहे की नाही याचा निर्णय देत नसतो. त्याच्यापुढे आपण कसे उभे राहतो, ते सांगत असतो. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत आम्ही 'आहे' आणि 'नाही'वर शतकं घालवली. पाणिनीचे शब्दही तिथेच. लोकांचा शब्द दुसराच होता.
दादा देव मानत नाही. आईला मानतो. परडी कुठल्या संज्ञेत घालू?

१० ऑगस्ट
कालचं सगळं संज्ञेत घातलं. एकशे ऐंशी शब्द झाले. कापणार नाही.

१५ ऑगस्ट
'पाणी', 'चहा', 'बस', 'ये'. चाल गळत चालली आहे. 'ये' आज साधा आला, न गाता. वहिनीला म्हणाला. ती स्वयंपाकघरातून ओल्या हातानं आली.

२० ऑगस्ट
दरवर्षी या तारखेला दादा पहाटेच्या गाडीनं पुण्याला जायचा. पुलावर उभा राहायचा, संध्याकाळी परत. २०१३ च्या सकाळी समितीच्या डॉ. दाभोलकरांना तिथे गोळ्या घातल्या. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या नावाचा पूल. शिंदे १९०१ मध्ये तौलनिक धर्म शिकायला ऑक्सफर्डला गेले होते.
या वेळी पुण्याहून परतताना समितीचे चौघं घरी आले. दादाभोवती बसले. कुणी काही बोलेना. एकानं त्यांचं गाणं धरलं. तिसऱ्या ओळीला दादाचा डावा हात दांड्यावर पडू लागला. शब्द आले नाहीत. ताल चुकला नाही.
आईनं चौघांना पोहे दिले. जाताना एकानं घंगाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, ते तिचं आणि त्यांचं आहे. तो हसला. वाकून आईच्या पाया पडला.

२२ ऑगस्ट
एकोणचाळीस झाल्या. श्रद्धावाद आणि मौन उरल्यात. थॉमस अक्वायनस आयुष्यभर लिहीत आला, आणि १२७३ च्या डिसेंबरात एका सकाळी प्रार्थनेनंतर त्यानं लेखणी खाली ठेवली. ग्रंथ अपुरा. पुन्हा उचलली नाही. तीन महिन्यांत गेला. ईश्वराच्या पाच सिद्धी आम्ही ज्या ग्रंथातून शिकवतो, तो हाच.

२४ ऑगस्ट
श्रावणी शनिवार. शेजारच्या काकू मारुतीचा अंगारा घेऊन आल्या. आईनं चिमटीत घेतला. दादाच्या खुर्चीपाशी गेली. मी उठले. काय करायचं होतं मला, माहीत नाही. पर्समधली ती पुडी आठवली.
चिमूट कपाळाजवळ आली. दादानं मान बाजूला केली.
"नाही."
चालीत नव्हतं. ताल नव्हता. आईचा हात तिथेच थांबला.
मला वाटलं, होकार-नकाराचा घोळ असेल. आईनं विचारलं, "काय म्हणालास?"
दादा तिच्याकडे बघत होता. वेळ लागला. जबडा हलला, ओठ जुळवले, पुन्हा सोडले.
"नाही. आई. नाही."
आईनं चिमूट स्वतःच्या कपाळाला लावली. बोट पदराला पुसलं. आत गेली. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. वहिनी आणि मी दारात. आई एकेक देव काढत होती, पंचावर ठेवत होती. गणपती, बाळकृष्ण, दोन्ही टाक. अन्नपूर्णेच्या पळीत काळं साचलं होतं. ते तिनं नखानं काढलं.
वहिनी म्हणाली, "आई, पण ते नाही म्हणाले."
"ऐकलं की मी. मनचं बोलला." आणि खुंटीवरची परडी काढली, झटकली, बाहेर आली, दादाच्या मांडीवर ठेवली.
दादानं परडीकडे पाहिलं. मग कुंपणाकडे, तगरीकडे. डाव्या हातानं परडी धरली.
पाऊस पडत होता. मी छत्री घेतली. वहिनीनं काठी आणली.